मदत हवी आहे: पुरात बुडालेली १९५१ची एमजी टीडी घरीच रंगवायची आहे. लाकडी सांगाडा कसा वाचवू, आणि रंग डुको मारू की पीयू?

मंडळी, नमस्कार.

गाडी १९५१ची एमजी टीडी आहे. सत्तरच्या दशकात आमच्या थोरल्या काकांनी मुंबईहून आणली, तेव्हापासून ती सांगलीतच आहे. ऑगस्ट २०१९च्या पुरात ती हरभट रोडजवळच्या आमच्या जुन्या घरी होती. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा ती बॉनेटसकट पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर धुऊन विश्रामबागला माझ्या शेडमध्ये आणली आणि आता कामाला हात घातलाय.

इंजिन मिरजेच्या एका जुन्या मेकॅनिककाकांकडे आहे. १२५० सीसीचं ते इंजिन मोकळं झालंय, दोन्ही एसयू कार्बोरेटर खोलून साफ झालेत, त्याची काळजी नाही. मला मदत हवी आहे ती बॉडी आणि रंगासाठी. हे काम मला स्वतःच्या हातानं, घरी करायचंय, आणि मूळचं लाकूड नि मूळचा पत्रा जितका वाचेल तितका वाचवायचाय. 'नवीन करून टाका' हा सल्ला बऱ्याच जणांनी दिलाय. तो मला नको आहे.

ही गाडी न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगतो. टीडी ही दोन आसनांची उघडी स्पोर्ट्स गाडी, इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला १९४९ ते १९५३ या काळात बनली. चॅसी वेगळी, पोलादी. तिच्यावर ॲश या चिवट विलायती लाकडाचा सांगाडा आणि सांगाड्यावर मारलेला पत्रा. मडगार्ड बोल्टवर असतात, सांध्यात गोटासारखी पायपिंग असते, बॉनेट मधोमध बिजागरीवर दोन्हीकडे उघडतं. त्यामुळे सगळं सुटं करणं तसं सोपं गेलं. पण गाळ नेमका तिथं जाऊन बसलाय जिथं हात पोचत नाही: पत्रा लाकडावर दुमडून बारीक खिळ्यांनी मारलाय त्या घडीत. कृष्णेचा हा गाळ वाळला की सिमेंटसारखा बसतो, आणि पावसाळ्यात हवेतली ओल धरून ठेवतो. वरून पत्रा धड दिसतो, टोच्या मारला की आत शिरतो.

आधी लाकडाचं. खालच्या दोन्ही लांब पट्ट्यांची मागची टोकं आणि डावीकडचा दाराचा खांब कुजलाय. टीडीची दारं मागच्या बाजूला बिजागरीवर असतात, त्यामुळे हा खांब ढिला झाला की दार लोंबतं आणि पुढं कुठलीच फट जुळत नाही. बाकीचं लाकूड टणक आहे. आमच्या सुतारमामांनी दोन पर्याय सुचवलेत. एक सागवान: टिकेल, वाळवी लागणार नाही. पण सागात तेल असतं, डिंक नीट धरत नाही (जोडण्याआधी ॲसिटोननं पुसून घ्यावं असं वाचलंय), आणि हादरा सोसण्यात तो ॲशची बरोबरी करत नाही. दुसरा पर्याय बाभळीचा. मामांचं म्हणणं असं की बैलगाडीची चाकं बाभळीची का करायचे, तर ती धक्का खाते आणि फुटत नाही. मला ते पटतंय. शंका एवढीच की बाभळीत टॅनिन असतं, मग दमट हवेत लोखंडी स्क्रू काळे पडून गंजतील का? पितळी स्क्रू वापरले तर ताकद पुरेल का? कुणी खरोखर बाभूळ वापरून गाडीची बॉडी दुरुस्त केली असेल तर कृपया लिहा.

मिरजेत सतारमेकर गल्लीत एका कारागिरांना वाकवलेल्या कमानीचा तुकडा दाखवून आणला. सतारीला ते तूणाचं लाकूड वापरतात, ते या कामाला फार मऊ, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. पण जुन्या लाकडाला तिरक्या कापानं नवा तुकडा कसा जोडायचा, त्या कापाची लांबी जाडीच्या आठपट तरी कशी ठेवायची, हे त्यांनी पेन्सिलीनं लाकडावरच आखून दिलं. तसंच करणार आहे.

जे लाकूड ठेवायचंय त्याला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी पाजून, पूर्ण वाळवून, मग पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन) मुरवायचं असा विचार आहे. इथे अडलोय. चारही बाजूंनी इपॉक्सीनं बंद केलं आणि आत थोडी ओल राहिली, तर लाकूड आतल्या आत कुजणार नाही का? ओलावा १२ टक्क्यांच्या आत आला की चालतं असं ऐकलं. सांगलीत ते एप्रिल-मेमध्ये सहज होईल, पण तोवर थांबणं गरजेचं आहे का?

आता रंग. सध्याचा लाल सिंथेटिक इनॅमल आहे, त्याखाली पांढरा, आणि फायरवॉलवर (इंजिन आणि बैठकीमधल्या पत्र्याच्या भिंतीवर) बॅटरीच्या पेटीमागे अगदी तळाला फिकट हिरवा सापडला. टीडीच्या कारखान्याच्या रंगांत ऑलमंड ग्रीन होता, त्याच्याशी तो जुळतोय. तोच रंग परत द्यायचा, हे घरात एकमतानं ठरलंय. लाल सगळा काढावा लागणार, कारण सिंथेटिकवर डुको मारला की थिनरनं खालचा थर फुगून सुरकुत्या पडतात. जुन्या थरांत शिसं असण्याची शक्यता धरून कोरडं घासकाम बंद ठेवलंय. घरात लहान मूल आहे. रिमूव्हर लावून खरवडतो, उरलेलं पाणीपेपरनं, आणि निघालेला चोथा पिशवीत बांधून ठेवतो. सँडब्लास्टिंगला मोठे सपाट भाग देणार नाही, उष्णतेनं नि माऱ्यानं पत्रा लाटा धरतो. चॅसी मात्र कुपवाडला ब्लास्ट करून आणणार.

खरा पेच डुको की पीयू हा आहे.

डुको म्हणजे नायट्रोसेल्युलोज, हवेत सुकतो, चूक झाली तर घासून पुन्हा मारता येतो, आणि पॉलिश केल्यावर त्याची जी खोल चमक येते ती त्या काळातल्या गाडीला शोभते. पण थर बरेच द्यावे लागतात आणि उन्हात तो लवकर निस्तेज होतो. टू-के पीयू म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग, चिवट, टिकाऊ. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्यानं कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की अगदी थोडंसं नाकात गेलं तरी त्रास होतो. बाहेरून ताजी हवा देणारा मास्क त्याला लागतो, साधा कापडी किंवा धुळीचा मास्क निरुपयोगी. शेडला लागून शेजाऱ्यांची खिडकी आहे, तिथं आजी बसतात. म्हणून घरी पीयू मारायला माझं मन घेत नाही.

मग डुकोच, तर मारायचा कधी? पावसाळ्यात प्रश्नच नाही: थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि रंग पांढरट पडतो. मे महिन्यात उलट, चाळिशीच्या उन्हात रंग पत्र्यावर पोचेपर्यंत वाळतो आणि खरखरीत बसतो, वर वावटळीची धूळ. हवेच्या दृष्टीनं नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगले. पण तेच आपल्याकडे गळिताचे दिवस. उसाचे फड पेटवले की काळी राख अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांवर, सगळीकडे पडते. सांगली-साताऱ्याकडच्या पेंटरांनी यावर काय केलंय? बांबूचा मांडव, त्याला जाड प्लॅस्टिक, एका बाजूला फिल्टर आणि दुसऱ्या बाजूला पंखा असं मनात आहे. पंख्याची मोटर थिनरच्या वाफेच्या वाटेत ठेवायची नाही हे नक्की, ठिणगीनं भडका उडेल. जमिनीवर पाणी मारलं की धूळ बसते, पण मग ओल वाढते. किती मारावं?

कॉम्प्रेसर २ एचपीचा आहे, टाकी लहान. मडगार्ड, दारं, बॉनेट सगळं सुटं टांगून मारणार, त्यामुळे एका वेळी लहान भाग असेल. एवढ्यावर १.४ मिमी नोझलची गन चालेल का, की मध्येच दाब पडून ओघळ येतील? वॉटर सेपरेटर (हवेतलं पाणी अडवणारा) कॉम्प्रेसरजवळ लावू की लांब नळीच्या टोकाला, गनजवळ?

कागदपत्रांबद्दलही विचारायचं होतं. आरसीवर रंग 'लाल' आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, पण चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल झालेला नसावा अशी अट आहे. सांगाड्याचे तीन तुकडे बदलले तर तो 'मोठा बदल' धरतात का? आणि रंगबदलाची नोंद आधी करून घ्यावी की व्हिंटेजच्या अर्जासोबत? ज्यांनी हे पार पाडलंय त्यांचा अनुभव हवाय.

भर (प्रतिसाद वाचून):

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

बाभळीबद्दल दोघांनी एकच सांगितलं: लाकूड वर्षभर तरी सुकलेलं घ्या, भोक आधी पाडूनच स्क्रू घाला, आणि स्टेनलेसचे वापरा. ठरलं. खांब बाभळीचा, पट्ट्यांची टोकं सागाची. इपॉक्सीचंही उत्तर मिळालं: खालची बाजू आणि आडवे काप बंद करायचे, आतली बाजू जवसाच्या तेलावर मोकळी ठेवायची, म्हणजे ओल बाहेर पडायला वाट राहते.

कोल्हापूरच्या ताईंनी उद्यमनगरातल्या ओळखीनं सुचवलेला मार्गही पटला: उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, लांबी (पुट्टी) त्यावर, आणि फॉस्फरिक ॲसिड लावलेल्या जागा पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय प्रायमर नाही. प्रायमरसाठी मात्र मी एका पेंटरचं बूथ रविवारी भाड्यानं घेतोय, तेही त्यांच्या देखरेखीखाली. डुको घरी, मांडवात, पहाटेची धुक्याची ओल गेल्यावर सकाळी दहा ते दुपारी एक.

राखेचा प्रश्न अजून सुटलेला नाही. फड पेटवायचे ते बहुतेक रात्री किंवा पहाटे, असं एकानं लिहिलंय, म्हणजे दहानंतर हवा स्वच्छ मिळू शकते. मिरज, तासगाव, वाळवा या बाजूला कुणी त्या दिवसांत उघड्यावर रंगकाम केलं असेल तर वाऱ्याची दिशा आणि वेळ जरूर कळवा. आणि सांगलीतलं कुणी जाणतं असेल तर शनिवारी दुपारनंतर शेडवर या. डाव्या दाराखालचा पत्रा कापायचा की वेल्डिंगचे टाके मारून ठेवायचा, हे हात लावून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि तो कापण्याआधी मला आणखी एक मत हवंय.