जर्मनीची ऑफर आली आहे, एजंट साडेतीन लाख मागतोय. काय करू?

भोसरीकर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

वय ३४. दहावीनंतर डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयरला बीई मेकॅनिकल, शिवाजी विद्यापीठ. चाकणला अकरा वर्षं जिग-फिक्श्चर डिझाईन करतोय. स्टुटगार्टजवळच्या एका छोट्या मशीन टूल कंपनीशी दोन व्हिडिओ इंटरव्ह्यू झाले आणि ऑफर लेटर आलं. वर्षाला ४६,५०० युरो. बायको बीकॉम, मुलगी चार वर्षांची. जर्मन एटू (भाषेची दुसरी पातळी) झालंय, तेही रडतखडत.

ज्या एजंटने गाठ घालून दिली तो आता 'व्हिसा प्रोसेसिंग'चे साडेतीन लाख मागतोय. निम्मे सोमवारच्या आत. वडील म्हणतात देऊन टाक, अशी संधी परत येत नाही. पैसे द्यावेत का? एवढ्या पगारात तिघांचं भागेल का? आणि राजीनामा कधी टाकू? इथे नोटीस ९० दिवसांची, ते लवकरात लवकर या म्हणतात. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खादाड_बोका
रुमाल टाकून ठेवतो. भाच्याचंही असंच चाललंय.

नेकारकाठ
सोमवारची घाई एजंटला आहे, जर्मन वकिलातीला नाही. एक रुपया देऊ नका.

खर्च बघा. व्हिसा फी मोठ्या माणसाला ७५ युरो, मुलीला त्याच्या निम्मी. पदवीचं तुलनापत्र (आपली पदवी जर्मन पदवीच्या तोडीची आहे असा दाखला) काढावं लागलंच तर २०८ युरो. युरो शंभराच्या थोडा वर धरला तरी तिघांचं मिळून पन्नास हजारांच्या आत बसतं. उरलेले तीन लाख कशाचे, ते त्याला लेखी विचारा. फोनवर नको.

दुसरं म्हणजे, कंपनी तुम्हाला व्हिसा 'देत' नाही. करार, पगार आणि पदवी नियमात बसली की ब्लू कार्ड, म्हणजे पदवीधरांचा काम-वास्तव्य परवाना, मिळतं. २०२६ साठी पगाराची अट ५०,७०० युरो आहे, आणि टंचाईच्या व्यवसायांना ४५,९३४.२० युरो. तुमचे ४६,५०० दुसऱ्या रेषेच्या जेमतेम वर आहेत. इंजिनिअर टंचाईत मोडतात, म्हणून वाचलात. पण करारात तुमच्या पदाचं नाव काय लिहिलंय? ते इथे टाका, मग पुढचं बोलू.

भोसरीकर
आत्ता उघडून पाहिलं. 'टेक्निकल प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर' आहे. काम मात्र फिक्श्चर डिझाईनचंच, इंटरव्ह्यूतही तेच विचारलं.

नेकारकाठ
हीच भीती होती. माझं याच शब्दापायी चार महिने घोडं अडलं होतं. करारात कोऑर्डिनेटर, प्रत्यक्षात काम गिअरबॉक्स डिझाईनचं. कमी पगाराच्या रेषेवर जाताना तिकडचं रोजगार खातं मंजुरी देतं, आणि त्यांच्या यादीत कोऑर्डिनेटर हा टंचाईचा व्यवसाय नाही. कंपनीला नवीन करार छापायला पंधरा मिनिटं लागली असतील, पण फाइल परत रांगेच्या शेवटी गेली.

कंपनी एक फॉर्म भरते, 'एर्क्लेरुंग त्सुम बेशेफ्टिगुंग्सफरहेल्टनिस'. (नाव एका दमात म्हणता आलं की समजा एटूच्या पुढची पातळी, बीवन झालं.) त्यातलं कामाचं वर्णन आणि करारातलं पद जुळलं पाहिजे. एचआरला आजच मेल टाका की पद इंजिनिअरचं करा. आढेवेढे घेणार नाहीत, छोट्या कंपन्यांना बहुतेक वेळा हे माहीतच नसतं.

पदवीसाठी 'आनाबिन' या परदेशी पदव्यांच्या जर्मन सरकारी यादीवर विद्यापीठ एच प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त, आहे का आणि तुमची पदवी यादीत आहे का, दोन्ही बघा आणि त्या पानांच्या प्रिंट काढा. डिप्लोम्याच्या मार्कशीटही जोडा, नाहीतर बीई तीनच वर्षांचं कसं, हा प्रश्न येतो.

ब्लू कार्ड अगदीच फसलं तर साधा कुशल कामगारांचा परवाना आहे. तुमच्या वयाला त्यात पगाराची अशी रेषा नाही. पण कायमच्या वास्तव्याला तीन वर्षं लागतात. ब्लू कार्डवर २७ महिने, बीवन असेल तर २१.

ताम्हण
एजंटबद्दल थोडं. परदेशी नोकरी लावून देणाऱ्याची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर असावी लागते, आणि नोंदणीकृत एजंटलाही उमेदवाराकडून तीस हजार अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. त्याच्याकडे नोंदणी क्रमांक मागा. माझा अंदाज, क्रमांक मागितल्यावर फोन उचलायचा बंद होईल.

सातारी_कंदी
भोसरीकरदादा, पोळलोय म्हणून लिहितो. माझ्या मेहुण्याने ब्रिटनच्या केअर वर्करच्या नोकरीसाठी एका एजंटला अकरा लाख मोजले, जमीन गहाण ठेवून. स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट खरं होतं, व्हिसा खरा होता. काम नव्हतं. आठवड्याला दहा-बारा तास मिळायचे. पुढे त्या कंपनीचं स्पॉन्सर लायसन्सच गेलं आणि याच्या हातात पत्र, साठ दिवसांत नवा स्पॉन्सर शोधा नाहीतर देश सोडा. वास्तविक त्या सर्टिफिकेटची फी कामगाराकडून घ्यायचीच नसते, हे आम्हाला नंतर कळलं. २२ जुलै २०२५ पासून बाहेरून नव्याने भरती करायचा तो रस्ताच ब्रिटनने बंद केला, तरी तिकडच्या 'गॅरंटीड जॉब'च्या जाहिराती अजून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात.

तुमची कंपनी खरी दिसतेय. मग पैसे कंपनीला लागतायत की एजंटला, एवढं कंपनीलाच विचारा ना.

गवतीचहा
मी वाइब्लिंगेनला राहते, स्टुटगार्टच्या बाजूलाच. नवरा ब्लू कार्डवर, मी नंतर आले. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला आधी जर्मन परीक्षा लागत नाही आणि इथे आल्यावर कुठलीही नोकरी करता येते. तुमच्या मिसेसना मात्र भाषा आत्तापासून सुरू करू द्या. मॅक्सम्युलर किंवा रानडे, जिथे बॅच मिळेल तिथे.

भागेल का? भागतं, उधळता येत नाही. बायको कमावती नसताना तिसऱ्या करवर्गात तुमच्या हातात महिना अठ्ठावीसशेच्या आसपास येतील, वर मुलीचे किंडरगेल्ड (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) २५९. आम्ही अडीच खोल्यांना हीटिंगसकट साडेबाराशे देतो. डिपॉझिट तीन महिन्यांच्या कोऱ्या, म्हणजे हीटिंग वगैरे वगळून, भाड्यापर्यंत घेतात, तेवढी रक्कम इथूनच घेऊन या. सरकारी आरोग्य विम्यात तुम्ही दोघी फुकट, म्हणजे बायको आणि मुलगी हो!

पहिले तीन महिने तुम्ही एकटेच या. घरमालकाच्या सहीचा कागद असल्याशिवाय पत्त्याची नोंदणी होत नाही, आणि तात्पुरत्या खोल्यांचे मालक तो कागद द्यायला का-कू करतात. नोंदणी नाही तर पुढचं सगळंच लटकतं. चार वर्षांच्या पोरीला घेऊन हॉटेलात राहायची पाळी आमच्यावर आली होती, अकरा रात्री. रोज संध्याकाळी किटलीत मॅगी.

मुलीचं लसीकरणाचं कार्ड हँडबॅगेत ठेवा. गोवराच्या दोन डोसांची नोंद दाखवल्याशिवाय बालवाडीत घेत नाहीत. आमच्या कार्डावर दुसऱ्या डोसाची तारीख पुसट होती, सासूबाईंना कोथरूडच्या डॉक्टरांकडून नवीन लिहून आणायला लावली.

नेकारकाठ
राजीनाम्याचं राहिलं. पासपोर्टवर व्हिसा चिकटल्याशिवाय नाही म्हणजे नाही. करारात रुजू व्हायची तारीख 'व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांनी' अशी घालून घ्या. घाई त्यांना असेल तर त्यांनी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जलद प्रक्रियेचे ४११ युरो भरावेत. जुलै २०२५ पासून व्हिसा नाकारला तर वकिलातीकडे फेरविचार मागायची सोयही बंद झालीय. नव्याने अर्ज नाहीतर बर्लिनचं कोर्ट. म्हणून कागद पहिल्यांदाच नीट करा.

भोसरीकर
सर्वांचे मनापासून आभार. अपडेट देतो.

एजंटकडे नोंदणी क्रमांक मागितला. फोन उचलला, पण "तुम्हाला विश्वासच नसेल तर राहू द्या" म्हणाला. एचआरच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, एजन्सीची फी आम्ही देतो, तुम्ही कुणाला काही द्यायचं नाही. वडिलांना तो मेल मराठीत वाचून दाखवला. काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी बँकेचं पासबुक परत कपाटात गेलं.

आता नवीन घोळ. सुधारलेला करार आलाय आणि त्यात पद 'कोन्स्ट्रुक्त्सिओन्स-इंजेनिअर' लिहिलंय. अहो, मी मेकॅनिकलवाला, बांधकामातलं मला काय कळतं? परत मेल टाकू का?

नेकारकाठ
टाकू नका! जर्मनमध्ये कोन्स्ट्रुक्त्सिओन म्हणजे मशीनचं डिझाईन. बांधकामवाला वेगळा, त्याला बाऊइंजेनिअर म्हणतात. तुमचंच काम आहे ते, सही करून पाठवा.