हिवाळ्यात स्पोर्ट्स कार झाकून ठेवणे हा भेकडपणा नव्हे

शून्याखाली (मिसिसागा, कॅनडा)
‘हिमवाट’ यांनी परवा येथे लिहिले की, नोव्हेंबर ते एप्रिल स्पोर्ट्स कार गॅरेजात झाकून ठेवणारे लोक गाडीचे मालक नसून राखणदार आहेत. हिवाळी टायर चढवावेत आणि बर्फातही गाडी बिनधास्त बाहेर काढावी, असे त्यांचे म्हणणे. हे वाचून गप्प बसणे मला जमले नाही.

प्रश्न टायरचा नाहीच. तापमान सात अंशांच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होते आणि पकड कमी होते, हे येथे सर्वांना ठाऊक आहे व त्यावर टायर बदलण्याचा उपायही आहे. खरा शत्रू मीठ आहे. गॉडरिचच्या खाणीत ह्युरॉन सरोवराच्या तळाखालून मीठ काढले जाते, ते आपल्या ओंटारिओ प्रांताच्या रस्त्यांवर पसरते, आणि हल्ली तर बर्फ पडण्याआधीच मिठाचे पाणी फवारून ठेवतात. ते पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत, ब्रेकच्या नळ्यांवर, पत्र्याच्या जोडांत शिरते आणि तेथेच मुक्काम करते. माझ्या शेजाऱ्यांची दुसऱ्या पिढीतील माझदा मियाटा ही छोटी स्पोर्ट्स कार बारमाही चालत असे. ती लिफ्टवर चढवलेली मी स्वतः पाहिली. वरचा रंग निर्दोष होता. मेकॅनिकने दाराखालच्या पट्टीला पेचकस टेकवून जरा दाबला, तर तो मुठीपर्यंत आत गेला आणि तपकिरी भुगा जमिनीवर सांडला. त्या गाडीचे इंजिन आजही उत्तम चालते, पण ते बसवायला धड पत्रा उरलेला नाही. यालाच गाडीचा उपभोग म्हणायचे असेल, तर मला राखणदार म्हणवून घेण्यात कमीपणा वाटत नाही.

हिमवाट (ओटावा)
आपण एका गाडीचे उदाहरण देऊन सर्वांना घाबरवत आहात. त्या पिढीतील मियाटाच्या पट्ट्या गंजतात, ही तिची जुनी खोड आहे. दरवर्षी शरद ऋतूत गाडीच्या खालच्या अंगाला गंजरोधक तेलाची फवारणी करून घेतली आणि थंडी जराशी ओसरली की खालून धुतली, तर मागच्या चाकांवर चालणारी गाडीही येथे वर्षानुवर्षे टिकते. नदीपलीकडे क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत, आणि तेथे मी हिवाळ्यात भल्याभल्या गाड्या धावताना पाहतो. शिवाय उभी गाडीही बिघडतेच. माझ्या मित्राने हँडब्रेक ओढून ठेवलेली गाडी एप्रिलमध्ये जागची हलेना. मागचे ब्रेक डिस्कला चिकटून बसले होते. वर्षातले पाच महिने बंद ठेवायची असेल, तर इतकी महाग गाडी घ्यावीच का, याचे उत्तर आपण दिलेले नाही.

मूळची सांगलीची (टोरांटो)
ब्रेक चिकटतात, बॅटरी उतरते, म्हणूनच आम्ही दर रविवारी गाडी दहा मिनिटे सुरू करून ठेवतो. एवढे केले की गाडी सुखात राहते.

तेलकट हात (हॅमिल्टन)
ताई, क्षमा करा, पण हा सल्ला कृपया येथे कोणी पाळू नये. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. गाडी दहा मिनिटे नुसती उभ्या उभ्या चालवल्याने इंजिनातले तेल आणि सायलेन्सर पुरेसे तापत नाहीत. मग ती वाफ आतच थंड होऊन पाणी होते, काही तेलात मिसळते व काही सायलेन्सरला आतून गंजवते. प्रत्येक वेळी स्टार्टर बॅटरीतून जेवढे ओढतो, तेवढेही दहा मिनिटांत परत भरेलच असे नाही. एक तर गाडी सुरूच करू नका, किंवा सुरू केलीत तर कोरड्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास चालवून आणा. आणि गॅरेज घराला लागून असेल तर कार्बन मोनॉक्साइडने माणसे मरतात. हे मी भीती घालण्यासाठी लिहीत नाही.

मूळची सांगलीची
‘कोणी पाळू नये’ असे फर्मान काढण्याआधी आमची अडचण विचारायला हवी होती. आम्ही कॉन्डोत, म्हणजे मोठ्या इमारतीतल्या फ्लॅटमध्ये राहतो. तळघरातील आमच्या जागेजवळ विजेचा प्लग नाही, व्यवस्थापन तो बसवू देत नाही, आणि बाहेर भाड्याने गाळा घ्यावा तर त्याचे भाडे हिवाळ्यात गाडी उभी ठेवून विम्यात वाचवलेले सगळे पैसे गिळते. ‘बॅटरीला मेंटेनर (ती भरलेली ठेवणारा, प्लगवर चालणारा छोटा चार्जर) लावा’ असे सांगणाऱ्यांपैकी प्रत्येकाकडे स्वतःचे गॅरेज असते. आमची गाडी पहिल्या हिवाळ्यानंतर सुरूच झाली नव्हती. त्यानंतर दर रविवारी सुरू करू लागलो आणि पुन्हा तसे घडलेले नाही. माझ्यासाठी हा पुरावा पुरेसा आहे.

तेलकट हात
आपली गाडी सुरू होते, याने सायलेन्सर आतून कसा आहे हे कळत नाही. मात्र प्लगची अडचण खरी आहे, आणि ती विचारायला हवी होती हे मान्य करतो. अशा वेळी बॅटरी काढून घरात आणावी आणि अधूनमधून चार्ज करावी. पूर्ण चार्ज बॅटरी येथील थंडीत गोठत नाही. उतरलेली मात्र शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठून फुटू शकते. बॅटरी काढण्याआधी रेडिओ पुन्हा सुरू करायला लागणारा कोड लिहून ठेवा, आणि बॅटरी डिकीत असेल तर विजेशिवाय, किल्लीने डिकी उघडते का तेही पाहा.

पुणेरी निरीक्षक (पुणे)
आमच्याकडे बर्फ नाही, पण पावसाळ्यात उभ्या ठेवलेल्या गाडीत उंदीर शिरले आणि त्यांनी वायरिंग कुरतडले. विमा कंपनीने हात वर केले. तुमच्या गॅरेजांत उंदीर नाहीत काय? त्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही.

शून्याखाली
आहेत, आणि थंडीत ते ऊब शोधतच येतात. सायलेन्सरच्या तोंडात तारेची घासणी कोंबावी, तिला लाल चिंधी बांधून ठेवावी म्हणजे वसंतात काढायची राहत नाही, आणि गॅरेजात पक्ष्यांच्या दाण्याचे पोते ठेवू नये. मी एअर फिल्टरच्या डब्यात सोललेल्या सूर्यफुलाच्या बियांचा ढीग पाहिला आहे.

‘हिमवाट’ यांनी सांगितलेली हँडब्रेकची गोष्ट माझ्याच बाजूची आहे. तो न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांखाली ठोकळे लावले असते, तर ती हलली असती. खालून स्वच्छ धुवावी, तेल बदलून ठेवावे, टाकी काठोकाठ भरून त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारे द्रव्य) घालावा, टायरमध्ये हवा थोडी वाढवावी. एवढी मेहनत घेतलेली गाडी उभी राहून बिघडत नाही. महाग गाडी घ्यावीच का, तर उरलेल्या सात महिन्यांसाठी घ्यावी.

हिमवाट
‘राखणदार’ हा शब्द मी मागे घेतो. सल्ला मागे घेत नाही. तेलाची फवारणी करूनही मी दर वसंतात ब्रेकच्या नळ्या तपासून घेतो, कारण तेथे आपले म्हणणे बरोबर आहे. पण मीठ लागलेली गाडी उबदार गॅरेजात नेली की गंज अधिक वेगाने चढतो, हेही लक्षात घ्या; नोव्हेंबरात एक-दोनदा मीठ अंगावर घेऊन मग न धुता चादर घालणारे लोक माझ्यापेक्षा लवकर पत्रा गमावतील.

शून्याखाली
त्याबद्दल वाद नाही. म्हणूनच मी पहिले मीठ पडण्याआधी गाडी आत घेतो, आणि एप्रिलमध्ये बर्फ वितळला तरी दोन-तीन मोठे पाऊस रस्ते धुऊन काढेपर्यंत तिला बाहेर काढत नाही.