फक्त आज्ञार्थ येणारी मड्डम: वसाहतकालीन कादंबरीतले ‘तू’ आणि ‘तुम्ही’

साखरपेठेतील वाचक (प्रश्न)

नमस्कार. सोलापुरात आम्ही पाच-सहा जण महिन्यातून दोन रविवारी एकत्र बसून इंग्रजी कादंबऱ्या वाचतो. गटातील दोघांना इंग्रजी सराईतपणे वाचता येत नाही, म्हणून महत्त्वाची पाने मी आधी मराठीत उतरवून नेतो. सध्या ई. एम. फॉर्स्टर यांची १९२४ सालची ‘अ पॅसेज टु इंडिया’ चालू आहे आणि पाचव्या प्रकरणात माझे काम अडले आहे.

प्रसंग असा आहे. चंद्रापूरच्या (विदर्भातल्या चंद्रपूरशी याचा संबंध नाही) कलेक्टरने गोरी आणि नेटिव्ह मंडळी एकमेकांना भेटावीत म्हणून क्लबाच्या हिरवळीवर मेजवानी ठेवली आहे. हिंदी स्त्रिया एका बाजूला अवघडून उभ्या आहेत. कलेक्टरची पत्नी मिसेस टर्टन त्यांच्याशी उर्दूत स्वागताचे दोन शब्द बोलते. ती उर्दू शिकली आहे ती नोकरांशी बोलण्यापुरती, त्यामुळे आदराची रूपे तिला ठाऊक नाहीत आणि क्रियापदांपैकी फक्त आज्ञार्थ येतो, असे लेखक एका वाक्यात सांगून पुढे जातो. तिचे प्रत्यक्ष उर्दू शब्द मात्र तो देत नाही.

मी ते संवादात आणायचे ठरवले, तर मराठीत लगेच ‘तू’, ‘तुम्ही’ की ‘आपण’ हे ठरवावे लागते. इंग्रजीतला एकच ‘यू’ सगळ्यांना पुरतो, आपल्याकडे तशी सोय नाही. ‘बस’ लिहिले तर बाई उद्धट वाटते, ‘बसा’ लिहिले तर प्रसंगातले विषच निघून जाते. शिवाय एक व्यापक शंका आहे. या कादंबऱ्यांमधला गोऱ्यांचा आणि नेटिव्हांचा संघर्ष एकमेकांची भाषा न कळल्यामुळे होतो, असे लेखकांना सुचवायचे आहे का? आमच्या गटात बहुतेकांचे मत तसे पडले, पण मला ते पटलेले नाही.


निवृत्त प्राध्यापक, होटगी रोड

आपल्याला ते मत पटले नाही, हे योग्यच झाले. त्याच प्रसंगात पुढे काय घडते ते पुन्हा वाचावे. मिसेस टर्टनबरोबरच्या पाहुण्या बायकांपैकी एक म्हणते की या बायकांची भाषा आम्हाला यायला हवी होती, पण आम्ही या देशात नुकत्याच आलो आहोत. त्यावर त्या घोळक्यातली एक बाई शांतपणे इंग्रजीत उत्तर देते की तुमची भाषा आम्हाला थोडीफार येत असावी. मिसेस टर्टनला आश्चर्य वाटते. दुसरी एक बाई इंग्लंडमधल्या ठिकाणांची नावे घेते आणि ‘हाइड पार्क कॉर्नर’चे ‘हाय पार्क कॉर्नर’ करते. यानंतर मिसेस टर्टन सैलावायला हवी होती, कारण भाषेची भिंत पडली आहे. पण ती अधिकच आखडते, कारण या बायकांपैकी काही जणी पाश्चात्त्य रीतीच्या आहेत आणि आपलेच मापदंड लावून आपल्याला जोखू शकतील, हे तिच्या ध्यानात येते. म्हणजे समोरची माणसे मुकी होती तोवर बाई निर्धास्त होती. ती बोलू लागल्यावर बिघडले.

हीच गोष्ट जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९३४ सालच्या ‘बर्मीज डेज’मध्ये उघड्यावर येते. ऑर्वेल स्वतः १९२२ ते १९२७ या काळात ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होते, तेव्हा क्लबातली बोलणी त्यांच्या परिचयाची असणार. क्लबाचा बटलर बर्फ किती उरला आहे हे सांगताना शुद्ध, पूर्ण वाक्यात म्हणतो की हल्ली बर्फ थंड ठेवणे मला फार अवघड जाते. एलिस नावाचा लाकूड कंपनीतला गोरा एवढ्यावरून त्याच्या अंगावर येतो: शब्दकोश गिळलास काय? मग बटलरने कसे बोलायला हवे, ते मोडक्या इंग्रजीत स्वतःच म्हणून दाखवतो आणि हा फार चांगले इंग्रजी बोलायला लागला तर याला काढून टाकावे लागेल, असेही सुनावतो. मोडके इंग्रजी ही येथे नोकराची उणीव राहत नाही, मालकाची मागणी ठरते. वसाहतीच्या कादंबरीत एखादे नेटिव्ह पात्र तुटक बोलताना दिसले की मी आधी हे तपासतो, की त्याला खरोखर तसेच बोलता येते की त्याने तसेच बोलावे अशी कुणाची, क्वचित लेखकाचीही, इच्छा आहे.

अनुवादापुरते सांगायचे तर बाईंच्या तोंडी ‘बस’ घालावे, पण ते ओरडून नव्हे. तिला आपण उद्धट बोलतो आहोत हे माहीतच नाही, आणि प्रसंगाचा सगळा कडवटपणा तिच्या त्या अजाणतेपणात आहे. ‘या, बसा’ असे केलेत तर तिला न येणारे व्याकरण आपण तिला शिकवल्यासारखे होईल.


विजापूर वेस

प्राध्यापकांच्या निकषाला किपलिंग यांच्या ‘किम’चा (१९०१) आधार मिळतो. हिंदुस्थानीत चाललेले संभाषण किपलिंग जुन्या इंग्रजीतल्या ‘दाऊ’ने (म्हणजे ‘तू’ने) लिहितात, त्यामुळे ते भारदस्त होते, पण हुरी बाबू हे बंगाली पात्र इंग्रजी बोलू लागले की ‘ओन्ली’ची ‘ली’ मुद्दाम लांबवलेल्या स्पेलिंगने छापली जाते. तोच माणूस अव्वल हेर आहे, तरी वाचकाने त्याच्या उच्चारांवर हसायचे आहे. मराठीत या स्पेलिंगचे काय करावे ते मला सुचत नाही. बंगाली ढंगाचे मराठी घालावे तर ते नाटकातल्या विनोदी पात्रासारखे वाटते.

‘अ पॅसेज टु इंडिया’मधला आणखी एक आज्ञार्थ आपल्याला मराठी माणूस म्हणून लक्षात घ्यावा लागेल. प्रा. गोडबोले हे दख्खनी ब्राह्मण. चहापानानंतर ते श्रीकृष्णाला बोलावणारे पद म्हणतात आणि नंतर समजावतात की मी त्याला ये, ये म्हणतो, तो येत नाही. इंग्रजीत ते ‘कम, कम’ कोरडे वाटते. मराठीत देवाला ‘ये’ म्हणणे किती जिव्हाळ्याचे आहे, हे पंढरपूरच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव होते, एका मराठा दरबारात; गोकुळाष्टमीचा थाट त्यांनी तेथे पाहिला होता. मिसेस टर्टनचा ‘ये’ आणि गोडबोल्यांचा ‘ये’ मराठीत एकच शब्द होतो. तो तसाच होऊ द्यावा, असे मला वाटते.


नळदुर्गचा प्रवासी

चर्चा चांगली चालली आहे, पण आपल्या दाराशी असलेला लेखक सर्वांनी वगळला. कॅप्टन, पुढे कर्नल, फिलिप मेडोज टेलर. १८५३ च्या तहाने निजामाचा काही मुलूख कंपनीच्या ताब्यात गेल्यावर त्यांनी नळदुर्गाचा कारभार पाहिला. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरून जाताना तो किल्ला आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्यांची ‘तारा’ ही १८६३ ची कादंबरी तुळजापुरात सुरू होते, नायिका तेथल्या पुजाऱ्याची मुलगी आहे आणि कथेत अफझलखान व शिवाजीही आहेत.

प्राध्यापकांच्या निकषाला टेलर हे अवघड उदाहरण आहे, कारण त्यांची नेटिव्ह पात्रे मोडके बोलतच नाहीत. १८३९ च्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’मध्ये अमीर अली हा ठग जवळजवळ सगळी कथा स्वतः सांगतो आणि ती घोळदार, सुबक इंग्रजीत सांगतो, ऐकणारा साहेब अधूनमधूनच डोकावतो. पण मग ठगांची बोली, गळा आवळण्याच्या इशाऱ्याला असलेला ‘झिरणी’ हा शब्द, हे सारे मात्र भाषांतर न करता ठेवलेले असते. ‘तारा’मध्ये ‘मुरळी’ हा शब्दही तसाच येतो. आपण तो खंडोबाशी जोडतो, सोलापूरजवळ बाळ्याला खंडोबाच्या यात्रेला जाणाऱ्याला तो नवा नाही. टेलर मात्र तो तुळजापूरच्या देवीच्या संदर्भात वापरतात आणि लंडनमधल्या वाचकाला तो संग्रहालयातल्या काचेआडच्या वस्तूसारखा भासत असणार. सारांश, माणसाला पूर्ण वाक्य दिले म्हणून त्याला बरोबरीचे मानले असे होत नाही. कोणता शब्द मुळातला ठेवला आणि तो कुणाला परका वाटावा म्हणून ठेवला, हेही पाहावे लागते.

याच्या उलट नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’मध्ये (१९५८) तिकडच्या इग्बो भाषेतले शब्द जागोजागी आहेत, पण अडखळतो तो बाहेरचा माणूस. तेथे मिशनऱ्याचा दुभाषा स्वतः इग्बो असूनही त्याची बोली वेगळी आहे; ‘मी स्वतः’ म्हणताना तो दर वेळी ‘माझे ढुंगण’ म्हणतो आणि गावकरी हसून लोटपोट होतात. येथे मोडकी भाषा सत्तेच्या बाजूच्या माणसाची आहे. मात्र त्या हसण्याने गावकऱ्यांचे काही वाचत नाही, हे पुढे कळतेच.


मागठा

मी साहित्याची अभ्यासक नाही. आमच्या घरी तेलुगू बोलतात, आजी-आजोबा विणकामासाठी या शहरात आले आणि पूर्व भागात राहिले. आजी मराठी शिकली ती बाजारात आणि कारखान्याच्या दारात. त्यामुळे तिच्या मराठीत जवळजवळ फक्त आज्ञार्थ होता: घे, दे, थांब, मोज, नीट बांध. घरी तेलुगूत वडीलधाऱ्यांच्या नावापुढे ‘गारू’ लावल्याशिवाय न बोलणारी ही बाई मराठीत बँकेच्या अधिकाऱ्यालाही ‘ए, सही कुठं सांग’ असे म्हणे. चादरी घ्यायला आलेल्या एका गृहस्थांना तिने ‘बस’ म्हटले, तेव्हा त्यांनी आईकडे बघून विचारले होते की यांना बोलायची रीत नाही का. आईने त्यांची माफी मागितली. आजीला शेवटपर्यंत कळले नाही की माफी कशाबद्दल होती.

मिसेस टर्टनचे वर्णन वाचून मला प्रथम आजीच आठवली, आणि मग फरक जाणवला. दोघींना सारखेच व्याकरण येत होते. आजीच्या ‘बस’बद्दल घरातल्या कुणालातरी माफी मागावी लागली, मड्डमच्या ‘बस’बद्दल कुणी मागितली नसती. म्हणून साखरपेठेतील वाचकांना विनंती आहे की केवळ ‘तू’ वापरून ती बाई दुष्ट वाटेल असे समजू नये. आमच्या भागात अर्ध्या आज्या तशाच बोलत. समोरच्या बायका तिला काहीही न म्हणता कशा उभ्या राहतात, ते दाखवले तर प्रसंग उभा राहील.


साखरपेठेतील वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मागठा यांचे म्हणणे वाचल्यावर मी कालचा मसुदा फाडला. आता बाईंच्या तोंडी ‘ये. बस. नाव सांग.’ एवढेच ठेवले आहे, आवाज चढवलेला नाही आणि उद्गारचिन्हही नाही. ‘नाव सांग’ ही माझी भर आहे, हे गटाला सांगेन. त्यानंतर एक ओळ फक्त पदरांच्या हालचालीची आहे. इंग्रजी बोलणाऱ्या बाईचे वाक्य स्वच्छ प्रमाण मराठीत दिले आहे, ‘हाय पार्क कॉर्नर’ तसेच राहू दिले आहे, आणि गोडबोल्यांच्या ‘ये’ला हात लावलेला नाही.

एक अडचण उरली होती. त्या बाईचे इंग्रजी ऐकून ‘अरे, हिला तर कळते’ असे मिसेस टर्टन म्हणते ते आपल्याच माणसांना उद्देशून, म्हणजे इंग्रजीत, आणि इंग्रजी तर तिची मातृभाषा. तेथे तिला आदराची रूपे येत नाहीत अशी सबब चालत नाही. ‘यांना कळते’ असे लिहिणे व्याकरणाने सहज शक्य होते. बराच वेळ विचार करून मी ‘अगं बाई, हिला कळतंय की’ असे लिहिले आहे. रविवारी वाचून पाहतो.