विषय: आई-बाबांसाठी प्रीपेड सिम, कुठलं घ्यावं?

नमस्कार मंडळी,
पुढच्या महिन्यात आई-बाबा पहिल्यांदाच इकडे परदेशात येतायत, पाचेक महिने राहतील. स्मार्टफोन दोघांकडेही आहेत. त्यांना परवडेल असं प्रीपेड काय घेऊन देऊ? नेटवर बघतेय तर नुसते ई-सिमचे (कार्ड न घालता फोनमध्येच भरायचं सिम) पॅक, इतके जीबी नि इतके दिवस, डोकं चक्रावलंय अगदी. आणि तिकडचं सिम काढायचं की ठेवायचं? बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. कोणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

-----

उत्तर: आई-बाबांसाठी प्रीपेड सिम, कुठलं घ्यावं?

नमस्कार ताई,
ते जीबीचं गणित सध्या बाजूला ठेवा. आई-बाबा बहुतेक वेळ घरीच असणार, तिथे वायफाय आहे, डेटा लागून लागून किती लागणार? त्यांना हवा फोन करता येणारा नंबर. प्रवाशांसाठीचे जे ई-सिम पॅक दिसतायत त्यातले बरेचसे फक्त डेटाचे असतात, नंबर मिळतच नाही, म्हणजे आई बागेत वाट चुकली आणि नेट गेलं तर साधा फोनही लावता येणार नाही. त्यामुळे "नंबर, कॉल आणि एसएमएस आहे का" हे आधी बघा. मोठ्या कंपन्यांचंच नेटवर्क भाड्याने घेऊन चालवणाऱ्या छोट्या कंपन्या असतात, प्रीपेड सहसा त्यांच्याकडे स्वस्त पडतं.

पण त्याच्याही आधी फोन तपासा. आमच्या बाबांचा फोन नवाकोरा होता, सिम घातलं, नेट सुरू, व्हॉट्सअॅप सुरू, आम्ही खूश, आणि साधा कॉल काही लागेना! दोन दिवस सिमलाच दोष देत बसलो. प्रॉब्लेम व्होल्टीचा, म्हणजे फोरजीवरून कॉल करायच्या सोयीचा होता. बऱ्याच देशांत थ्रीजी बंद झालंय (अमेरिकेत २०२२ मध्ये, ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये), आता कॉल फोरजीवरूनच जातो आणि त्यासाठी तुमच्या मॉडेलचं व्होल्टी तिथल्या कंपनीला चालावं लागतं. ऑस्ट्रेलियात तर ज्या फोनवरून इमर्जन्सी कॉल जात नाही तो फोन नेटवर्कवरच घेत नाहीत. म्हणून त्यांना आजच *#०६# डायल करायला सांगा, आयएमईआय नंबर (फोनचा ओळख क्रमांक) दिसेल, तो कंपनीच्या साइटवर टाकून फोन चालेल का बघा. त्याच स्क्रीनवर ईआयडी नावाचा लांबलचक नंबर दिसला तर फोनमध्ये ई-सिम आहे. फोन एखाद्या कंपनीला लॉक केलेला (म्हणजे फक्त तिचंच सिम चालणारा) नाही ना, तेही विचारून घ्या.

तिकडचं सिम अजिबात काढू नका!! निघायच्या आधी त्यावर इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्या, इकडे आल्यावर ते जमेलच असं नाही, आणि डेटा रोमिंग मात्र बंद. ओटीपीचा एसएमएस यायला बहुतेक कंपन्या पैसे घेत नाहीत, पण रोमिंगवर आलेला फोन उचलला तर बिल लागतं, हे बाबांना दोनदा सांगा. मधेच नंबर बंद पडू नये म्हणून रिचार्जची तारीख लिहून ठेवा. व्हॉट्सअॅप जुन्याच नंबरवर राहू द्या, "नंबर बदलायचा का" असं विचारलं तर नाही म्हणा.

ई-सिम घेतलंत तर ते डिलीट करू नका असं बजावून सांगा. आमच्या आईने "हे काय नको असलेलं आलंय" म्हणून काढून टाकलं, आणि ई-सिम भरायला जो क्यूआर कोड मिळतो तो बहुतेक वेळा एकदाच चालतो, कस्टमर केअरला पाऊण तास धरून बसलो तेव्हा नवीन मिळाला. साधं सिम असेल आणि फोनला एकच खाच असल्याने जुनं काढावंच लागलं, तर ते चिकटपट्टीने पासपोर्टच्या कव्हरला आतून चिकटवून ठेवा, नखाएवढी वस्तू, कुठे पडली कळत नाही.

-----

उत्तर: आई-बाबांसाठी प्रीपेड सिम, कुठलं घ्यावं?

दादा, मनापासून आभार! आत्ताच बाबांना *#०६# करायला लावलं. त्यांच्या फोनवर ईआयडी दिसतोय, आईच्या नाही, म्हणजे आईला साधं सिम. तिच्या फोनला दोन सिमची जागा आहे, मग काढायचं कामच नाही ना?

-----

नाही, दुसऱ्या खाचेत नवीन घाला. फक्त कॉल आणि डेटा दोन्हीसाठी नवीन सिम निवडा, नाहीतर आई नकळत जुन्या नंबरवरून फोन लावेल. आणि तुमचा नंबर तिच्या फोनमध्ये अधिकचं चिन्ह आणि देशाचा कोड लावून सेव्ह करा, दोन्हीकडून लागतो. विमानतळावर उतरल्या उतरल्या तोच लावायचा असतो.