कच्चेरी, तुक्कडा आणि अरुणा साईराम : हे शब्द मराठीत कसे लिहायचे?

धागाकर्ती :
कर्नाटक संगीत ऐकणारे इथे बरेच आहेत म्हणून विचारतेय. अरुणा साईराम माझ्या अतिशय लाडक्या गायिका, त्यांच्या गाण्यावर मराठीत एक लेख लिहायला घेतलाय आणि पहिल्याच परिच्छेदात शब्दांशी अडलेय. तिकडे मैफलीला म्हणतात कच्चेरी. त्यातली मुख्य कृती (कृती म्हणजे तिकडची बांधीव रचना) झाली, मग मृदंगमचं तनी आवर्तनम्, म्हणजे एकट्याचं वादन, झालं, की शेवटच्या भागात जे लहान प्रकार गातात ना, पदम्, जावळी (हलकंफुलकं शृंगारिक गाणं), भजन, तिल्लाना वगैरे, ते तुक्कडा. अरुणाताई अभंग गातात तेही ह्याच भागात. आता मी ‘शेवटी त्यांनी तुकडे गायले’ असं लिहिलं तर मराठी वाचकाला काय वाटेल? भाकरतुकडा आठवेल, काहीतरी तुटलेलं, उरलेलं. आणि त्यांचं ‘तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल’ ज्याने ऐकलंय तो त्याला उरलंसुरलं म्हणणार नाही. तर ह्याला मराठीत काय म्हणावं? सुगम? उपशास्त्रीय? मला दोन्ही पटत नाहीयेत.

प्रतिसाद :
आधी कच्चेरीबद्दल. शब्द आपलाच आहे, जिल्हा कचेरीतली कचेरी. तमिळमध्येही जुना अर्थ तोच, सरकारी काम चालतं ती जागा, लोक जमतात ती जागा. चेन्नईला मैलापूरमध्ये अजून कच्चेरी रोड आहे, तो तिथल्या जुन्या सरकारी कचेरीवरून, गाण्याशी त्याचा संबंध नाही. पुढे ‘लोक जमतात’ एवढाच धागा धरून त्यांच्याकडे गाण्याची बैठक हा अर्थ बळावला आणि आपल्याकडे नुसते दाखले आणि शिक्के राहिले. ‘अरुणा साईराम यांची कचेरी’ असं लिहिलंत तर लोक ऑफिसचा पत्ता विचारतील, तेव्हा च्च जोडाक्षरच ठेवा.

प्रतिसाद :
ताई, तुकडा शब्दाला तुम्ही उगाच घाबरताय. तबल्यात तुकडा असतो की, कथ्थकमध्ये तोडे-तुकडे असतात, त्यात कुठे काय तुटलेलं असतं? उठाण असते, रचना असते आणि बरोब्बर समेवर येऊन पूर्ण होते. छोटी पण आख्खी चीज. तुक्कडा त्याच अर्थाच्या जवळचा वाटतो मला. कच्चेरीचा आजचा जो साचा आहे, सुरुवातीला वर्णम् ही बांधीव रचना, मग काही कृती, मधे मोठी मुख्य कृती, जमल्यास रागम् तानम् पल्लवी हा विस्ताराने गायचा प्रकार आणि शेवटी तुक्कडे, तो रुजवण्याचं श्रेय गायक अरियाकुडी रामानुज अय्यंगारांना (१८९०–१९६७) देतात. म्हणजे ही शेवटची जागा विचार करून ठेवलेली आहे, वेळ उरला म्हणून भरलेली नाही.

प्रतिसाद :
थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. शब्द कितीही गोड मानून घेतला तरी तुक्कडा दुय्यमच धरतात. तिथे रागाचा विस्तार नाही, निरवल (एकच ओळ आयत्या वेळी फुलवणं) नाही, कल्पनास्वर (आयत्या वेळी रचलेल्या सरगमी) नाहीत. कट्टर रसिक तोवर उठायला लागलेले असतात. अरुणा साईराम लोकप्रिय झाल्या त्या तिल्लाना आणि अभंगांमुळे, ह्यातच सगळं आलं असं माझं म्हणणं.

धागाकर्ती :
राग नाही पण हे मला अजिबात मान्य नाही. अरुणाताईंची तालीम बघा. पहिलं शिक्षण आईकडे, मग गायिका टी. बृंदा. बृंदाम्मा म्हणजे नामांकित वीणावादक वीणा धनम्माळ यांची नात, नर्तिका बालसरस्वतींची मावसबहीण, आणि त्या घराण्याचा प्राण काय, तर पदम्. क्षेत्रय्याची तेलुगू पदं, इतक्या संथ लयीत की प्रत्येक अक्षराला श्वास पुरवावा लागतो, एकेका स्वराचं गमक कुठे सुरू झालं आणि कुठे विरलं ते कळू नये इतकं मुलायम. आणि कच्चेरीच्या साच्यात हे पदम् कुठे येतं? तुक्कड्यांतच! म्हणजे त्या परंपरेतली सगळ्यात अवघड गोष्ट तुम्ही म्हणता त्या दुय्यम खोलीत राहते. लांबीवरून अवघडपणा मोजायचा नसतो.

आणि हीच तालीम त्यांच्या अभंगात ऐकू येते. तीर्थ, क्षेत्र, देव, देवपूजा, माता, पिता, नामदेव महाराज प्रत्येकापुढे विठ्ठल ठेवत जातात, तोच शब्द पुन्हा पुन्हा, पण अरुणाताईंकडे तो दर वेळी वेगळ्या वजनाने पडतो, कधी मंद्रातून घुमत येतो (त्यांचा खालचा आवाज हे माझ्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे, बायकांनी उंचच गायला पाहिजे हा आग्रह त्यांनी कधी मानलेला दिसत नाही), कधी सरळ उघड्या आवाजात हाक मारल्यासारखा. भीमसेनजींचा हाच अभंग आपल्या कानात पक्का बसलेला असतो, तरी दोन ओळींत त्या आपल्याला त्यांच्या बाजूला ओढून नेतात. उच्चारही बघा, तमिळ लिपीत ठ वेगळा लिहिताच येत नाही पण त्यांचा विठ्ठल ठसठशीत विठ्ठलच असतो. मुंबईत जन्म, मुंबईत वाढल्या, अभंग त्यांना पाहुण्यासारखा भेटलेला नाही.

आणि ऊत्तुक्काडू वेंकटकवींचा तो काळिंगनर्तन तिल्लाना, गंभीरनाट्टै रागातला! तिल्लाना म्हणजे साधारण आपला तराणा, पण ह्यात साहित्य भरपूर आहे, कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण, आणि नाचाचे बोल शब्दांत असे मिसळलेत की बोल कुठे संपला आणि शब्द कुठे सुरू झाला ते कळत नाही. इतक्या वेगात एक अक्षर तोंडातल्या तोंडात जात नाही त्यांचं. २०१८ साली चेन्नईच्या म्युझिक अकादमीने त्यांना संगीत कलानिधी हा मानाचा पुरस्कार दिला, तो काय नुसत्या लोकप्रियतेसाठी?

प्रतिसाद :
मस्त चर्चा. अभंग तिकडे गेला कसा हेही लेखात येऊ द्या. तंजावरला व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत मराठ्यांचं राज्य, त्यामुळे मराठी कीर्तनकारांचं येणंजाणं होतं. एकोणिसाव्या शतकात मोरगावकरबुवांचं कीर्तन तिथे खूप गाजलं आणि त्याचा नमुना घेऊन तंजावूर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथा घडवली. त्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग हे प्रकार नावानिशी आहेत. इथे नव्या पिढीला साकी म्हटलं की गझल आठवते!

प्रतिसाद :
साहित्य शब्दाची पण एक ओळ टाका हो, नाहीतर लोकांना वाटेल पुस्तकं. तिकडे साहित्य म्हणजे गाण्याचे शब्द. तसंच संगती. आपण सूत्रसंगती म्हणतो किंवा तबल्याची संगत म्हणतो, त्यांची संगती म्हणजे एकच ओळ थोडी थोडी बदलत, वाढवत नेणं, आणि बदल पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात. निरवलमध्येही ओळ तीच असते पण तिथे गायिका आयत्या वेळी रचत असते. विरुत्तम् आठवलं का कुणाला?

धागाकर्ती :
विरुत्तम् तर येणारच! मूळ शब्द वृत्त, आपल्याकडे वृत्त म्हणजे लगक्रम, भुजंगप्रयात, मंदाक्रांता, मोजून मापून. आणि तिकडे विरुत्तम् म्हणजे श्लोक किंवा तमिळ पद्य घेऊन तालाशिवाय, मोकळं गाणं, एका रागात नाहीतर रागमालिकेत. अरुणाताई तालाशिवाय नुसत्या रागावर शब्द ठेवत जातात तेव्हा मागे व्हायोलिन सावलीसारखं येत राहतं, मृदंगम गप्प, आणि मग एकदम ठेका सुरू होतो. मला कच्चेरीत सगळ्यात जास्त वाट कशाची असते तर ह्या क्षणाची.

तर आता असं ठरवतेय : कच्चेरी (ती), तुक्कडा (तो, अनेकवचन तुक्कडे), दोन्ही जोडाक्षरासकट, पहिल्यांदा येतील तिथे वाक्यातच अर्थ उलगडायचा, नंतर सरळ वापरायचे. सुगम नाही लिहिणार, कारण क्षेत्रय्याचं पदम् सुगम म्हणणं मला जमणार नाही. साहित्यच्या जागी ‘पदाचे शब्द’. संगती आणि विरुत्तम् तसेच ठेवतेय. जावळीला कुणाला काही सुचत असेल तर सांगा, नाहीतर वाचक बालमावळे आणि जावळीचं खोरं शोधत बसतील.