मदत हवी आहे: एमडीएफवर सागवानी व्हिनियर, मागच्या बाजूला काय लावावे?

नमस्कार मंडळी,

चिपळूणच्या घरी भिंतीतल्या कपाटाला चार दारं करून घेतोय. प्रत्येक दार ७ फूट उंच, दीड फूट रुंद. मिस्त्रींचा बेत असा: १८ मिमी एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड), पुढून ४ मिमीची सागवानी व्हिनियरची शीट, म्हणजे प्लायवर सागाचा पातळ थर, आणि आतून पातळ पांढरं लायनर लॅमिनेट.

मला धास्ती आहे ती दारं वाकण्याची. आमच्याच आळीत एका घरी अशीच दारं उन्हाळ्यात बसवली, श्रावणात त्यांचा वरचा कोपरा चौकटीपासून बोटभर बाहेर आला. मिस्त्री म्हणतात, तिथला बोर्ड हलका होता. मला ते पटत नाही. एका बाजूला ४ मिमी प्लाय आणि दुसरीकडे पातळ लॅमिनेट, यात ओढ सारखी राहील कशी?

शिवाय या चारही शीट एकाच ओंडक्याच्या, ओळीने कापलेल्या आहेत. चार दारं मिटली की सागाच्या रेषा एकात एक मिसळतात. वखारीत बसून मी त्या हाताने निवडल्यात. एक जरी वाया गेली तरी तशी दुसरी मिळणार नाही.

दुसरा प्रश्न चिकटवण्याचा. मिस्त्रींना एसआर (टेकवताच धरणारा रबरी फेविकॉल) बरं वाटतं, कारण पांढऱ्या फेविकॉलला दाब लागतो आणि आमच्याकडे प्रेस नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

रंधेवाला:
तुमची शंका बरोबर आहे. लाकूड दमट हवेत रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. दोन्ही अंगांनी सारखी ओढ असेल तर बोर्ड सरळ राहतो. लॅमिनेटमधून ओल फारशी आत-बाहेर होत नाही, त्यामुळे पुढची बाजू हलते आणि मागची थांबते. दार तिथेच वाकतं.

म्हणून मागेही ४ मिमीचीच शीट लावा. व्हिनियर नको असेल तर साधा ४ मिमी प्लाय चालेल, पण रेषांची दिशा पुढच्यासारखीच उभी ठेवा. आणि मग मधला एमडीएफ १२ मिमीचा घ्या. एकूण २० मिमी होतात, ऑटो बिजागरीची वाटी (दारात गोल खड्डा कोरून बसवतात तो भाग) आरामात बसते. १८ मिमी एमडीएफचं एवढं दार नुसत्या बोर्डानेच साडेबारा-तेरा किलोंच्या आसपास जातं, वर शीटचं वजन वेगळं.

पॉलिशही दोन्ही बाजूंना सारख्याच हातांचं. आतल्या बाजूला एक हात मारून सोडतात, तिथे सगळी मेहनत जाते. वरची आणि खालची कड तर कोणी बघतच नाही, आणि एमडीएफ पाणी पितो तो कडेतूनच.

कोकणकर:
पांढराच फेविकॉल वापरा. एसआर सुकल्यावरही थोडं लवचिक राहतं, आणि शीट एकदा टेकली की सरकवता येत नाही. नुसत्या अर्ध्या मिमीच्या व्हिनियरखाली तर ते पॉलिशच्या थिनरने सुटून फुगे येतात. तुमच्या ४ मिमी शीटमधून थिनर तितका आत जाणार नाही, तरी एवढ्या मोलाच्या शीटवर मी तो धोका घेणार नाही.

प्रेस नसली तरी चालतं. फरशी सपाट आहे ना, ते लांब पट्टीने आधी तपासा. फेविकॉल दातेरी पत्र्याने एकसारखा पसरा, चारही दारं एकावर एक रचा, मधे प्लॅस्टिक घाला म्हणजे बाहेर आलेला फेविकॉल दुसऱ्या दाराला धरणार नाही. वर जाड प्लाय आणि सिमेंटच्या गोण्या, रात्रभर. बोर्ड आणि शीट आधी काही दिवस त्याच खोलीत ठेवा.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. मिस्त्रींना वाचून दाखवलं, १२ मिमीला ते लगेच तयार झाले. आता एकच: कडेला सागाची पट्टी मारायची आहे, ती शीट चिकटवण्याआधी की नंतर?

रंधेवाला:
नंतर. आधी मारलीत तर शीटमधल्या प्लायचे थर कडेला उघडे दिसतील. दार मापात कापून घ्या, मग ६ ते ८ मिमीची भरीव पट्टी चारही बाजूंनी लावा आणि फेविकॉल पुरता वाळल्यावर रंध्याने शीटला समतल करा. शेवटचा घास हाताने, २२० च्या पॉलिशपेपरने, रेषांच्या दिशेने. तिथे मशीन चालवू देऊ नका, वरचा साग जेमतेम अर्धा मिमी असतो.