पुढच्या काचेला चौदा इंची तडा: काच कोणती घ्यावी अन् बसवून कुठं घ्यावी?

आर्णीकर

राजेहो, सल्ला पाहिजे. गाडी वॅगन-आर, २०१७ ची. हायवेवर समोरच्या टिप्परातून गिट्टी उडाली अन् काच टिचली, ड्रायव्हरच्या बाजूनं, खाली वायपरपाशी. आधी तुरीच्या दाण्याएवढी खूण होती. आठ दिवसांत तिचा चौदा इंचाचा तडा झाला अन् आता तो काचेच्या काठाले जाऊन भिडला. नख फिरवलं तं बाहेरून लागते, आतून काच गुळगुळीत आहे.

यवतमाळच्या काचेच्या दुकानात नावाच्या कंपनीची काच फिटिंगसकट ६,५०० सांगतात. गावातला फिटर म्हणते, मी बिननावाची आणून ३,८०० मध्ये बसवून देतो, दोन तासांत गाडी घेऊन जा. विमा फुल आहे, एनसीबी (क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट) ३५ टक्के, ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा हप्ता एनसीबी वजा करायच्या आधी ६,००० च्या आसपास. तड्यात रेझिन, म्हणजे काचेसारखा घट्ट होणारा पातळ गम, भरून काम भागते का? नसंल भागत तं काच कोणती पाहायची, अन् क्लेम टाकू का खिशातून देऊ?

काचकाम

भाऊ, रेझिनचा विषय सोडा. रेझिन भरतात ते रुपयाच्या नाण्याएवढ्या खुणेपर्यंत, आणि तीही काठापासून लांब असेल, ड्रायव्हरच्या नजरेच्या रेषेत नसेल तरच. तडा काठाला भिडला की तो थांबत नाही. पुढची काच म्हणजे साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये पीव्हीबी या प्लास्टिकचा ०.७६ मिलिमीटरचा चिवट पापुद्रा. तुमचा बाहेरचा थर फुटलाय, आतला शाबूत आहे, म्हणून नख एकाच बाजूनं लागतं. काच अंगावर कोसळणार नाही, पण तडा रोज बोटभर वाढेल.

(बाकीच्यांसाठी: गिट्टी लागली की तिथल्या तिथं खुणेवर पारदर्शक टेप चिकटवा. धूळ आणि पाणी आत शिरलं की रेझिन धरत नाही.)

बदलेपर्यंत उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका, एसीचा झोत काचेवर सोडू नका, आणि चारही काचा बंद असताना दार आपटू नका. आतली हवा दाबली जाते आणि तो धक्का सरळ तड्याला बसतो.

आता काच. आधी कोपऱ्यातला छाप वाचा. आयएसआयचं चिन्ह, आयएस २५५३ हा काचेच्या मानकाचा क्रमांक, सीएम/एल पासून सुरू होणारा परवाना क्रमांक आणि लॅमिनेटेड (म्हणजे वर सांगितलेली दुहेरी काच) असल्याचा उल्लेख, हे सगळं काचेत भाजलेलं हवं. स्टिकरवर असेल तर त्याला अर्थ नाही. सीएम/एल क्रमांक बीआयएसच्या (आयएसआय चिन्ह देणारी सरकारी संस्था) केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे की नाही ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे. आसाही इंडिया म्हणजे एआयएस आणि सेंट-गोबेन सेक्युरिट या दोघांच्या काचा आपल्याकडे सर्रास मिळतात, कारखान्यातून निघणाऱ्या बऱ्याच गाड्यांना याच बसवलेल्या असतात. गाडीच्या कंपनीचा लोगो असलेली काच आणि त्याच कारखान्याची बिनलोगोची काच यांत फरक मुख्यतः किमतीचा. लोगोसाठी जास्त पैसे मोजू नका.

टफन्ड (मधला पापुद्रा नसलेली, एकेरी कडक केलेली) काच पुढे बसवायची नाही, नियमानं तिथं लॅमिनेटेडच लागते. टफन्ड फुटली की पूर्ण काचेचा साबुदाणा होतो आणि ऐंशीच्या वेगात समोरचं काहीच दिसत नाही. ओळखायला काचेच्या काठावर टॉर्च मारा. लॅमिनेटेडमध्ये दोन काचा आणि मधली बारीक रेघ दिसते.

नावाची असो की बिननावाची, काच उभी धरून तिच्यातून विजेचा खांब किंवा दाराची चौकट पाहा आणि डोकं हळूहळू डावी-उजवीकडे न्या. खांब लचकला, पाण्यातून पाहिल्यासारखा हलला, तर ती काच परत. खालचे दोन्ही कोपरे जरूर पाहा, वक्रता तिथं जास्त असते आणि स्वस्त काच तिथंच फसते. रात्री समोरून दिवे आले की अशी काच डोळे दुखवते. काठावर कुठे टवका उडालेला, दोन थरांमध्ये दुधाळ पट्टा किंवा बुडबुडे, काळी किनार खरवडलेली असेल तरी घेऊ नका. ती काळी किनार शोभेची नसते. काच चिकटवणाऱ्या खालच्या गमला उन्हापासून तीच वाचवते.

रंगाचं म्हणाल तर तुमच्या मूळ काचेला हिरवट झाक असेल तर हिरवटच घ्या, पांढरी स्वस्त पडते पण आपल्या उन्हात तिचा पश्चात्ताप होतो. पुढच्या काचेतून ७० टक्के उजेड आत यायलाच हवा असा नियम आहे, आणि कंपनीची हिरवट काच तो पाळून बनवलेली असते.

काच आणताना ती उभी आणा, दोन गोधड्यांमध्ये, खाली पोतं. पिकअपच्या हौद्यात आडवी टाकलेली काच आर्णीपर्यंत येता येता काठाला टिचते, आणि ते बसवल्यावर आठ दिवसांनी कळतं.

हिशोबी

क्लेमचा हिशोब कागदावर मांडा, तोंडी नको. विम्यात काचेवर घसारा लागत नाही, ही चांगली गोष्ट. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० रुपये तुमच्या खिशातून. म्हणजे ६,५०० च्या बिलात कंपनी देईल ५,५००.

आता एनसीबी. क्लेम नसता तर पुढच्या नूतनीकरणाला ४५ टक्के मिळाली असती, त्यापुढे ५०. क्लेम केला की शून्य, मग २०, २५, ३५, ४५ असं परत चढायचं. दरवर्षीचा फरक मांडला तर ४५, ३०, २५, १५ आणि ५, एकूण १२० टक्के. ६,००० च्या हप्त्यावर ते झाले ७,२००. गाडीची किंमत उतरते तसा हप्ताही उतरतो म्हणून साडेसहा हजार धरा. साडेपाच मिळवायला साडेसहा घालवायचे! खिशातून द्या.

एनसीबी प्रोटेक्शनचं ॲड-ऑन असेल तर मात्र गणित उलटं होतं. काही पॉलिसींत फक्त काचेच्या क्लेमला एनसीबी तुटत नाही अशीही अट असते, तेव्हा आधी पॉलिसी वाचा. क्लेम करायचाच असेल तर जुनी काच काढायच्या आधी कंपनीला कळवा, नंबर प्लेटसकट फोटो काढा. काच बदलून मग फोन केला तर काही हाती लागत नाही.

आर्णीकर

ॲड-ऑन नाही, खिशातूनच देतो. एक सांगा, फिटर म्हणते की मे महिना आहे, ४५ डिग्रीत गम दोन तासांत सुकून दगड होते. खरं आहे का? अन् त्याच्यापाशी सिलिकॉनची ट्यूब दिसली.

पीयूवाला

दोन्ही गोष्टींत फिटर चुकतो आहे.

सिलिकॉन आधी. तो खिडकीच्या फटी बुजवायला असतो. गाडीची काच पॉलियुरेथेननं, म्हणजे पीयूनं बसते. ही काच गाडीच्या सांगाड्याचा भाग असते, आणि ज्या गाड्यांत डावीकडे एअरबॅग आहे तिथं फुगा फुगताना काचेवरच रेटा देतो. सिलिकॉनला तो भार झेपत नाही. शिवाय एकदा पत्र्याला सिलिकॉन लागला की पुढच्या वेळी पीयू तिथं धरत नाही, सगळं खरवडून पत्र्यापर्यंत जावं लागतं.

आता सुकण्याचं. पीयू उन्हानं सुकत नाही, हवेतल्या ओलाव्यानं पिकतो. ट्यूबच्या कागदावर लिहिलेला वेळ साधारण २३ डिग्री आणि ५० टक्के आर्द्रतेचा असतो, त्यात तो दिवसाला तीन-चार मिलिमीटर आत पिकत जातो. वर काच, खाली पत्रा, दोन्हीतून ओलावा जात नाही. तो शिरतो फक्त दोन्ही कडांनी. काचेखाली दाबलेला पीयूचा पट्टा दहा-बारा मिलिमीटर रुंद, तेव्हा मधोमध पिकायला चांगल्या हवेतही दीड-दोन दिवस. आपल्याकडे मे महिन्यात दुपारची हवा कोरडी ठक्क असते. वरून साय धरते पाच-सात मिनिटांत, आणि आत लोणी तसंच राहतं. फिटरला दिसते ती साय.

तापलेल्या पत्र्यावर दुसरी गडबड अशी की पट्टा ओढून काच उचलून आणेपर्यंत साय धरलेली असते. मग काच टेकते पण चिकटत नाही. पहिल्या पावसात डॅशबोर्डखाली पाणी येतं ते यामुळे. म्हणून काम सकाळी सहा-सातला, सावलीत, पत्र्याला हात लावल्यावर गार लागेल तेव्हा. गाडी रात्रभर मांडवात उभी हवी. संध्याकाळी आजूबाजूच्या जमिनीवर सडा टाका, रात्रीची दमट हवा मिळाली की पीयू पिकतो. ट्यूबवर गाडी चालवायला किमान किती वेळ थांबा ते लिहिलेलं असतं, कुठे एक तास, कुठे चार, स्वस्तातल्या ट्यूबला आणखी जास्त. आपल्या उन्हाळ्यात मी पूर्ण २४ तास सांगतो. खड्ड्यांचा रस्ता असेल तर ४८.

ट्यूब तुमच्यासमोर फोडायला लावा आणि तारीख पाहा. पीयू बहुतेक नऊ ते बारा महिने टिकतो, तोही गार जागी. टिनाच्या शेडमध्ये पडलेली ट्यूब तारखेच्या आत असूनही आतून घट्ट झालेली असते. दाबून पाहा, गाठ लागली तर बाजूला ठेवा.

किती लागतो? छोट्या गाडीच्या काचेचा घेर चार मीटरच्या आसपास. पट्टा त्रिकोणी ओढायचा, उंची बारा-चौदा मिलिमीटर, बूड दहा. हिशोबानं अडीचशे ते तीनशे मिली होतात. ३१० मिलीची एक ट्यूब काठोकाठ पुरते, म्हणून दुसरी जवळ असू द्या. एकीत भागवायला गेलं की शेवटच्या वितीत पट्टा बारीक होतो, आणि तिथंच गळतं. नोझलला व्ही खाच कापलेली हवी. गोल भोकातून सुतळीसारखा पट्टा निघतो, तो नीट दाबला जात नाही.

काचकाम

पीयूवाल्यांनी गमचं सांगितलं, मी बसवण्याचं पुरं करतो. फिटर कोणीही असो, समोर उभं राहून एवढं पाहा.

वायपरचे हात काढण्याआधी ते काचेवर कुठे टेकतात त्या जागा टेपनं खुणवा आणि मोबाइलमध्ये फोटो घ्या, म्हणजे नव्या काचेवर तेच माप धरता येतं. नाहीतर नंतर वायपर काचेच्या बाजूच्या खांबाला घासतात. वायपरखालच्या काळ्या जाळीच्या क्लिपा जुन्या गाडीत हमखास तुटतात, चार-सहा आधीच आणून ठेवा.

जुनी काच तारेनं कापावी. पत्र्यावरचा जुना पीयू पूर्ण खरवडू देऊ नका. एक-दोन मिलिमीटरचा सपाट थर ठेवायचा, ताज्या कापलेल्या जुन्या पीयूवर नवा पीयू सगळ्यात घट्ट धरतो. पात्यानं पत्र्याचा रंग गेला असेल तर तेवढ्या जागेला प्रायमर, तोही वाळू द्यायचा. बरेच जण हे सोडून देतात. मग दोन पावसाळ्यांत काठाखाली गंज येतो आणि पुढची काच बसवायला पत्राच उरत नाही.

नवी काच एकदा कोरडीच ठेवून पाहायची. चारही बाजूंनी फट सारखी आली की काचेवर आणि बॉडीवर मिळून टेपचे तुकडे लावून मध्ये कापायचे. खरं बसवताना तेच तुकडे जुळवले की काच नेमकी जागेवर येते, सरकवावी लागत नाही. सरकवली की पट्टा फाटतो.

काचेची किनार पेट्रोल, थिनर किंवा रॉकेलनं पुसू देऊ नका, तेलकट पापुद्रा राहतो. क्लीनर किंवा ॲक्टिव्हेटर, कोऱ्या फडक्यानं, एकाच दिशेनं. मग काळा प्रायमर आणि बाटलीवर लिहिलेला वेळ, बहुधा दहा मिनिटं. या वेळात किनारीला बोट लावायचं नाही. घामाचा एक ठसाही नडतो. पट्टा एका दमात ओढायचा आणि जोड कोपऱ्यात येऊ द्यायचा नाही. काच सक्शन कपनं दोघांनी उचलायची, हातानं दाबून पट्टा पाच-सहा मिलिमीटरवर आला की पुरे. बुक्क्या नाही मारायच्या.

त्यानंतर टेप दिवसभर तसाच. दाराची एक काच बोटभर उघडी ठेवा. दोन दिवस धुवायची नाही.

जुनी जीप

एक भर घालतो भाऊ. जुन्या जीपा, टेम्पो यांच्यात काच रबरी बीडिंगमध्ये बसते, तिथं वरचं बरंचसं लागू नाही. काचेला बीडिंग चढवून त्याच्या पत्र्याकडच्या खाचेत चार-पाच मिलिमीटरची नायलॉनची दोरी फिरवायची, खाच साबणाच्या पाण्यानं ओली करायची, काच बाहेरून टेकवायची. एकानं बाहेरून हातानं थोपटायचं, दुसऱ्यानं आतून दोरी ओढत जायची. रबराचा ओठ पत्र्यावर चढत येतो. उन्हानं कडक झालेलं जुनं रबर परत वापराल तं पाणी येणार म्हणजे येणारच, काच नवी तं बीडिंगही नवंच घ्या.

आर्णीकर

समजलं. काच यवतमाळहून आणतो, पीयूच्या दोन ट्यूबाही तिथूनच. बसवायले गावातलाच फिटर, पण सकाळी सहाले अन् माझ्यासमोर. जुन्या काचेवरचा फास्टॅग काढून लावता येते का?

काचकाम

नाही, तो सोलून काढला की आतली जाळी तुटते आणि टोलवर वाचला जात नाही. ज्या बँकेचा आहे तिच्याकडून बदली टॅग मागवा, शिल्लक खात्यात तशीच राहते. काच बदलायच्या चार दिवस आधी मागवला तर बरं. एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांच्या काचेवर आतून नोंदणीचा रंगीत स्टिकर असतो, पेट्रोल-सीएनजीला निळा, डिझेलला नारिंगी, तोही नवा घ्यावा लागतो. तुमच्या २०१७ च्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली असेल तर तुमच्याही काचेवर असेल, पाहून घ्या.

आणि तिसऱ्या दिवशी पाण्याची चाचणी. नळीला नोझल न लावता, साध्या धारेनं, खालून सुरू करून वर जा, प्रत्येक बाजूला दोन-तीन मिनिटं. दुसऱ्यानं आत बसून डॅशबोर्डच्या कोपऱ्यांत आणि पायाजवळच्या मॅटखाली कोरडा टिश्यू धरायचा. ओला झाला तर फिटरला त्याच दिवशी बोलवा, तिथं बाहेरून सिलिकॉन थापू देऊ नका.

आर्णीकर

टिश्यू नाही, रविवारचा पेपर धरतो. शुक्रवारी काच बसवतो, रविवारी पाणी मारून सांगतो.